एक जूनवाले

दर वर्षी एक जूनला सकाळी मोबाईल हातात घेतला की अंगठा दुखेपर्यंत खाली ठेवता येत नाही. माझ्या वयाच्या आणि माझ्या भागातल्या निम्म्या ओळखीच्या माणसांचा वाढदिवस त्याच दिवशी. वर्गमित्र, भाऊबंद, एसटीतले सहकारी, एक व्याही, सोसायटीचे माजी चेअरमन, एवढंच काय, ज्याच्याकडे मी दाढी करायला जातो तोसुद्धा. ज्याला शुभेच्छा पाठवायच्या त्याच्याच शुभेच्छा त्याच मिनिटाला आपल्याकडे येऊन पडतात. केकचा तोच फोटो, तीच गुलाबाची फुलं. नातीला याचं भारी हसू येतं. "आजोबा, तुमच्या वेळी बाळं फक्त एक जूनलाच व्हायची का?"

व्हायची नाहीत गं, लिहिली जायची.

आमच्या पारनेर तालुक्यातल्या लोकल बोर्डाच्या शाळेत १९५४ साली आम्हाला बसवलं तेव्हा एकाही पोराकडे जन्माचा दाखला नव्हता. रजिस्टरात मात्र तारखेचा रकाना होता आणि तो मोकळा ठेवून चालत नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणायची, "गांधीबाबा गेले त्या साली. पोळा झाल्यावर, निजामावर फौजा निघाल्या तवा." म्हणजे हिशेब लावला तर मी १९४८ च्या सप्टेंबरातला. मास्तरांना एवढा हिशेब करायला वेळ नसावा, किंवा त्यांनी केलाही असेल. पण शाळा जूनात भरते, पहिलीत बसवायचं तर वय भरलेलं दिसायला हवं, म्हणून त्यांनी सरळ १ जून १९४८ लिहिलं. माझ्या वरच्या ओळीत तेच, खालच्या ओळीत तेच. गावात दोन सख्खे भाऊ होते, दोघांत चांगलं दोन वर्षांचं अंतर. बापाने दोघांना एकाच दिवशी शाळेत आणून बसवलं. कागदावर ते आजन्म जुळे राहिले. मोठा पुढे तलाठी झाला, आणि इतरांच्या नोंदींतल्या चुका काढण्यात त्याची नोकरी गेली.

तर कागदावर मला यंदा ७८ पूर्ण झाली. खऱ्याला अजून अवकाश आहे.

पण या खोट्या तारखेबद्दल माझी तक्रार नाही, कारण तिने मला एक मोठी जोडीदारीण दिली. राज्यातली पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ लाच, नगरहून पुण्याला. लाकडी बॉडीची बेडफोर्ड गाडी. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. ती आमच्याच तालुक्यातल्या सुप्यावरून पुढे गेली. मी पुढे एसटीत कंडक्टर म्हणून लागलो आणि हा योगायोग कळला, तेव्हा मी आगारभर तो सांगत फिरलो. कुणाला कौतुक वाटलं नाही. एक जुना ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "मग तुझाबी पहिला हप्ता झाला असंल जप्त." तो कशाबद्दल बोलत होता ते मला आजतागायत समजलेलं नाही. पण त्या पहिल्या गाडीची गोष्ट कुणीही सांगो, राऊत आणि केवटे ही दोन नावं जोडीनंच येतात, एकट्याचं कधी येत नाही. ते दोघं एकमेकांचे मित्र होते की नव्हते, हे कुणी विचारत नाही. त्या दिवशी त्यांची ड्युटी एका गाडीवर लागली होती.

मित्र पारखून घ्यावेत असं लहानपणापासून ऐकत आलो. मला तशी संधीच मिळाली नाही. माझे निम्मे मित्र मास्तरांच्या रजिस्टरातून आले आणि निम्मे आगाराच्या ड्युटीच्या बोर्डावरून. मागे वळून बघतो तर आपण होऊन ज्यांच्याशी ओळख वाढवली अशी माणसं थोडी होती, ती टिकली त्याहून थोडी. टिकले ते कुणीतरी शेजारी आणून बसवलेले.

शाळेत माझ्या पट्टीवर जो बसायचा तो मुंबईला गिरणीत गेला. आमच्या तालुक्यात तेव्हा हा सरळ रस्ता होता. मॅट्रिक नापास तो मुंबईला, मॅट्रिक पास तो नोकरीच्या अर्जाला, आणि दोघांच्या मागे घरी राहील तो विहिरीवर. तो नापास झाला म्हणून आधी कमावता झाला. लालबागेत एका खोलीत दहाबारा गाववाले, पाळीपाळीने झोपायचं, जेवायला खानावळ. आधी बदली, म्हणजे कुणी गैरहजर असेल त्याच्या जागी, मग साच्यावर, म्हणजे मागावर, कायम. १९७० साली मी एसटीत लागलो आणि काही वर्षांनी माळशेजमार्गे मुंबईची गाडी मला मिळायला लागली. तेव्हापासून त्याची आई माझी पक्की गिऱ्हाईक. परळला गाडी पोचायची तेव्हा टपावर तिची बाजरीची गोणी, आणि माझ्या सीटखाली कोंबून ठेवलेली तुपाची बरणी. बरणीवर फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीला सतरा गाठी. तो पाळी संपवून यायचा, कपड्यांवर कापसाचे तंतू तसेच. आम्ही स्टँडवर उभ्याने चहा घ्यायचो. गावचं काय ते मी सांगायचो, गिरणीचं काय ते तो सांगायचा, आणि गाडी धुऊन व्हायच्या आत भेट संपायची. वर्षानुवर्षं आमची मैत्री म्हणजे एवढीच. बसून, निवांत, मनातलं बोलणं वगैरे आमच्यात कधी झालंच नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. पहिल्या महिन्यात परळच्या स्टँडवर तो जोरात होता, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचं नाव घेताना त्याचा आवाज चढायचा. उन्हाळ्यात आवाज उतरला. मग एक दिवस माझ्याच गाडीला तो आला, बायको, दोन पोरं आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन. मला म्हणाला, "पंधरा दिसांत परत जायचंय." मी चार माणसांची तिकिटं फाडली आणि ट्रंकेचं लगेज फाडलं. पैसे माझ्या खिशातले घातले. कंडक्टरला हे सोपं नसतं. ड्युटीला निघताना आपल्या खिशात स्वतःचे किती आहेत ते वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहून द्यावं लागतं, आणि वाटेत चेकिंग आलं तर पैन् पै जुळावी लागते. तिकिटं हातात दिली तेव्हा त्याने ती उलटी करून बघितली. सुट्टे नसले की आम्ही बाकी रक्कम तिकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहून देतो, ती त्याला शोधायची होती. काही लिहिलेलं नव्हतं. तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि आळेफाटा येईपर्यंत वळला नाही.

तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्याचे पंधरा दिवस अजून चालू आहेत. गावात त्याने शेळ्या केल्या, मग दोन गाया, मग दूध संकलनाचा काटा. आता पोरगा बघतो ते. तो माझ्याइतकाच म्हातारा आहे, एकाच शाईने लिहिलेला, पण दिसतो माझ्यापेक्षा थोराड. त्याचं कारण तो गिरणीतला कापूस सांगतो, मी त्याची तंबाखू सांगतो.

आता बोर्डावरच्या मैत्रीबद्दल. एसटीत ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी बोर्डावर लागते, म्हणजे लागायची, आता मोबाईलवर येत असेल. त्यात आवडीनिवडीला जागा नाही. ज्याच्याशी माझी जोडी सर्वांत जास्त काळ लागली तो पाथर्डीकडचा. आगारात त्याला सगळे पैलवान म्हणायचे. कुस्ती तो कधीच खेळला नव्हता, नुसता अंगाने तसा होता. आमचं काहीच जुळत नव्हतं. मी शाकाहारी, तो नाही. मी पेपर वाचणारा, तो वाचणाऱ्याला हसणारा. तो वाटेत जनावर आडवं आलं की त्या जनावराच्या मालकाच्या सात पिढ्या उद्धरायचा, आणि मी मागे बायाबापड्यांसमोर शरमून उभा. वर गंमत अशी की ड्रायव्हर-कंडक्टर हे दोघं दिवसभर एका गाडीत असतात, पण बोलता येत नाही. तो पुढे केबिनमध्ये, मी मागे गर्दीत, मधे ती घंटीची दोरी. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. दिवसभराचं संभाषण ते. दुपारच्या फेरीला, ऊन टळटळीत असताना, त्याला डुलकी यायची भीती असायची. तेव्हा मी तिकिटं उरकून पुढे जायचो आणि केबिनच्या जाळीला टेकून उभा राहायचो. काही म्हणजे काही बोलायचो नाही. नुसतं कुणीतरी शेजारी उभं आहे एवढं त्याला कळलं की पुरे.

खरी ओळख झाली ती मुक्कामी गाडीवर. शेवटची फेरी एखाद्या आडगावात जाऊन थांबते, रात्री तिथेच राहते, पहाटे शाळेची पोरं आणि दुधाच्या किटल्या घेऊन निघते. गाडीबरोबर आम्हीही तिथेच. उन्हाळ्यात टपावर, थंडीत आत बाकड्यांवर. भाकरी गावातल्या कुठल्यातरी घरून यायची. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मुक्कामाच्या गाडीला जेवण घालायचं असं त्या गावांत होतं. कान्हूर पठारच्या बाजूला एक म्हातारी होती, ती पिठल्यात मिरची घालताना आमच्यावर राग काढते की काय अशी शंका यायची. पैलवान घाम पुसत खायचा आणि परत मागायचा.

अशाच एका गावात, सुरुवातीच्या दिवसांत, पारावर बसलेल्या एका बुवाने विचारलं, "कुणातले तुम्ही?" आपल्याकडे या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. उत्तरावर ताट ठरतं, तांब्या ठरतो, बसायची जागा ठरते. आमच्या दोघांची जात एक नव्हती, आणि उत्तर दिलं असतं तर एकाला ओसरीवर आणि एकाला अंगणात बसावं लागलं असतं. मी काय बोलावं याचा विचार करत होतो तोवर पैलवान म्हणाला, "आम्ही एसटीतले." बुवा म्हणाला, तसं नव्हे, मूळचे. पैलवान म्हणाला, "मूळचेबी एसटीतलेच. आमचा बाप बेडफोर्ड." लोक हसले आणि विषय तिथंच मोडला. पुढे हे उत्तर आम्ही अनेक गावांत वापरलं. सगळीकडे लोक हसले असं नाही. एका गावात हसले नाहीत, तिथे आम्ही गाडीत बसून स्वतःच्या डब्यातलं शिळं खाल्लं.

बहात्तरचा दुष्काळ याच मुक्कामांच्या दिवसांतला. रस्त्याच्या कडेला मैलोन् मैल खडी फोडणारी माणसं. पाझर तलावांची कामं. घरोघर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आणि पोरांच्या हातात सुकडी. त्या खडीवर माझे वर्गमित्र बसलेले असायचे, त्यांच्या बायका, त्यांच्या म्हाताऱ्या आया. गाडी गेली की धुरळा त्यांच्यावर. मला पगार होता, खाकी कपडे होते, आणि मी गाडीच्या दारात उभा. त्यातला एखादा हात वर करायचा. ओळखीचा की गाडी थांबवायला, ते कळायचं नाही.

एक दिवस कामावरच्या बायकांनी गाडी अडवली. पाणी होतं का, एवढंच त्यांचं म्हणणं. गाडीत रेडिएटरसाठी डबा भरून ठेवलेला असतो. पैलवान खाली उतरला आणि तो डबा त्याने सगळाच्या सगळा वाटून टाकला. पुढच्या चढाला गाडी तापली, वाफा आल्या, आणि आम्ही भर उन्हात उभे. प्रवासी आम्हाला वाट्टेल ते बोलले. ते बरोबरच होतं, त्यातल्या एकाला दवाखान्यात पोचायचं होतं. पैलवानाने सगळं ऐकून घेतलं, एकालाही उलटून शिवी दिली नाही. इतर वेळी एवढा तोंडाळ माणूस. मी त्याच्याकडे नीट बघितलं ते त्या दिवशी, असं आता वाटतं.

पैशाशिवाय मैत्री, हे बोलायला ठीक आहे. आमच्यासारख्यांत मैत्री कळायची ती जामिनावर. पतपेढीचं कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात. बहिणीचं लग्न, विहीर, बायकोचं ऑपरेशन, काहीही असो, फॉर्म घेऊन माणूस आगारात फिरायचा आणि कोण पेन काढतो, कोण "अरे, माझी लिमिट संपली" म्हणतो, यावर त्याला आपली माणसं समजायची. पैलवान फॉर्म वाचत नसे. सही करून मग विचारायचा, किती काढतोयस. मी वाचून सही करायचो, पण करायचो. वर्कशॉपमधल्या एका मेकॅनिकला मी जामीन राहिलो आणि त्याचे हप्ते थकले, ते माझ्या पगारातून कापून गेले. घरी भांडण झालं ते झालंच. पण मला त्याहून लागलं ते वेगळंच. तो मला टाळू लागला. मी स्टँडवर दिसलो की शेडमागून जायचा. पैसे बुडाले म्हणून मैत्री तुटली असं लोक म्हणतात. मला वाटतं, इथे तरी ती त्याच्या लाजेपायी तुटली. मी मागितले नसते. निवृत्तीनंतर खूप वर्षांनी तो एक पाकीट घेऊन दारात उभा राहिला. रक्कम पुरी नव्हती. बायकोने चहा केला, साखर जरा जास्तच घातली. आता त्याचा फोन येतो, बहुतेक गुडघ्यांविषयी.

निवृत्तीचंही तारखेने बघून घेतलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे आम्ही एक जूनवाले सगळे ३१ मेला. २००६ साली आगारात एकदम इतक्या जणांना निरोप द्यायचा होता की नारळ दोनदा आणावे लागले. प्रत्येकाला एक शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ. आयुष्यभर वेळेच्या मागे पळालेल्याला शेवटी घड्याळच का देतात, हे मला कळलेलं नाही. खरी जन्मतारीख धरली असती तर सप्टेंबर अखेरपर्यंत, म्हणजे चार महिन्यांचा पगार मला आणखी मिळाला असता. मास्तरांच्या त्या एका ओळीची किंमत मी तेव्हा पाठच करून ठेवली होती. मग त्याची भरपाईही झाली. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी झालेल्यांना एसटी फुकट झाली, आणि एक जून २०२३ ला, एसटीचा अमृतमहोत्सव चालू असताना, मी आधार कार्ड दाखवून शून्य रुपयांचं तिकीट घेतलं. साडेतीन महिने आधी. देणारा कंडक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. मी त्याला सांगितलं, मी पण तुझ्याच खात्यातला. तो म्हणाला, "मग काका, मागे सरका, पुढे जागा करा." बरोबर बोलला.

इतका वेळ मी माझ्याच मित्रांबद्दल बोलतोय. आमच्या पिढीत मित्र पुरुषांना असायचे. बायकांना शेजारणी, जावा, नणंदा. लग्न झालं की माहेरच्या मैत्रिणी शिवेवरच राहायच्या. पत्र लिहायला पत्ता नाही, जायला निमित्त नाही, आणि निमित्त असलं तरी ते नवऱ्याच्या भावकीतल्या लग्नाचं. माझ्या बायकोची अळकुटीच्या शाळेतली एक मैत्रीण होती, तिला ओतूरला दिली होती. ओतूर माझ्या मुंबईच्या गाडीच्या वाटेवर. मी कितीतरी वर्षं त्या स्टँडवर उतरून "ओतूर, ओतूर" ओरडलोय. बायकोने कधी निरोप दिला नाही. का, असं मी अलीकडे विचारलं तर म्हणाली, "अहो, तुम्ही ड्युटीवर. आणि मैत्रिणीला निरोप काय द्यायचा, बरी आहे ना म्हणून? लोक काय म्हणतील." बाजरीची गोणी आणि तुपाची बरणी मुंबईला नेणं हे काम होतं. "बरी आहेस ना" हे काम नव्हतं.

मग मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं. माझ्या बायकोला ज्येष्ठ नागरिक म्हणून ते आधीच मिळत होतं, पण एकटीने जायची सवय नव्हती. आता सून सोबत निघाली. दोघी ओतूरला गेल्या, विचारत विचारत घर काढलं. मी बरोबर गेलो नाही, नको म्हणाली. संध्याकाळी परत आल्यावर मी विचारलं, ओळखलं का तिने. तर म्हणे, हाकेवरून ओळखलं. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी त्यांची फेरी असते, कधी ती इकडे. दोघी ओट्यावर बसून तासन् तास बोलतात. आमच्या परळच्या चहाच्या भेटी मी अभिमानाने सांगतो खरा, पण या दोघींना बोलताना ऐकलं की वाटतं, आम्ही बापयांनी मैत्री फारच काटकसरीने वापरली.

पैलवान २०२१ च्या एप्रिलात गेला, करोनात. त्या दिवसांत गाड्या नाममात्र होत्या आणि असत्या तरी कुणी जाऊ देत नव्हतं. दहाव्यालाही जाता आलं नाही. ज्याच्याबरोबर जिल्ह्यातल्या प्रत्येक आडरस्त्यावर रात्र काढली त्याच्या गावाला मी गेलो तो वर्ष उलटल्यावर. तिथे एक गोष्ट लक्षात आली. घरात मला कुणी ओळखत नव्हतं. त्याच्या लेकाने पाट मांडला, पाणी दिलं आणि अदबीने विचारलं, "आपण कुठून?" नाव सांगितलं तरी त्याला लागेना. मला क्षणभर वाईट वाटलं. मग आठवलं, माझ्या घरीही पैलवान म्हणजे नुसतं एक नाव होतं. त्याचा चेहरा माझ्या मुलांनी निरोप समारंभाच्या फोटोत पाहिलेला, तोही मागच्या रांगेत. आमची मैत्री आगारात सुरू व्हायची आणि आगारात संपायची. घरी न्यायची पद्धत नव्हती.

त्याच्या लेकाला मात्र बापाबद्दल ऐकायचं होतं. मी बोललो. बेडफोर्ड बाप सांगितला, रेडिएटरचा डबा सांगितला, माळशेजला पावसाळ्यात गाडी उभी करून तो भाजलेली कणसं कशी खायचा, दोन स्वतःसाठी आणि वर माझ्यातलं अर्धं, तेही सांगितलं. शिव्यांचा विषय मी आडवळणाने काढला तर पोरगा चकित. म्हणाला, "आमचे अण्णा? घरात तर त्यांचा आवाज नव्हता. आईशी वाद झाला की उठून गोठ्यात जायचे." मीही चकित. एकाच माणसाची दोन माणसं आम्ही समोरासमोर मांडून बसलो होतो. त्याची आई आतून ऐकत होती. निघताना तिने बाहेर येऊन विचारलं, "शिव्या म्हंजी कसल्या द्यायचे?" मी सांगितल्या नाहीत. तिचा आग्रह होता, पण सून उभी होती.

आता एक जूनला आम्ही उरलेले जमतो ते स्टँडच्या कँटिनला. बिल कोण देणार यावर वाद होतो, कारण वाढदिवस सगळ्यांचाच. गिरणीवाला येतो, तो एसटीतला नसूनही. त्याचं म्हणणं, एसटीने सर्वांत जास्त माझं ओझं वाहिलंय. गेलेल्यांची नावं कुणी घेत नाही. घ्यायची नाहीत असं ठरलेलं नाही. एकदा सुरू केलं की कुणाचं तरी राहून जातं आणि मग राहिलेल्याचा नातेवाईक शेजारच्या टेबलावर निघतो.

मित्र या वयात नवे होत नाहीत म्हणतात. मला गेल्या हिवाळ्यात एक झाला. मोतीबिंदूच्या शिबिरात कॉट क्रमांकाने दिल्या होत्या, माझ्या शेजारच्या कॉटवर श्रीगोंद्याकडचा एक निवृत्त पोस्टमन. माझा उजवा डोळा बांधलेला, त्याचा डावा. दोन दिवस आम्ही एकमेकांना अर्धेच बघितलं. माणूस वादावादीचा. त्याची जन्मतारीख खरी आहे, पत्रिकेसकट, हे त्याने पहिल्या तासात ऐकवलं आणि माझी ऐकून तोंड वाकडं केलं. रोज संध्याकाळी त्याचा फोन असतो. तो कांद्याचा भाव सांगतो, मी विचारलेला नसताना. मी त्याला गाड्यांच्या वेळा सांगतो, त्याला कुठे जायचं नसताना. परवा त्याच्या दुसऱ्या डोळ्याची तपासणी आहे आणि त्याचा मुलगा बाहेरगावी, तेव्हा मी जायचं ठरलंय. मी इकडून निघून नगरच्या स्टँडवर थांबणार, तो तिकडून सकाळी सातच्या गाडीने येणार. ती गाडी वेळेवर सुटते, असं मी त्याला छातीठोकपणे सांगून बसलोय. उद्या आगारात फोन करून बघायला हवा.